जावेकडचा उजेड

माझी जाऊ स्वभावाने फार चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. वाईट जावेचा राग माणूस बिनघोर करू शकतो. चांगल्या जावेचा राग करायचा तर कारण शोधावं लागतं, आणि नोकरी करून घर सांभाळणाऱ्या बाईला एवढी सवड कुठून असणार?

पण कारण घरबसल्या चालून आलं. धाकट्या दिराने नवा फ्लॅट घेतला म्हणून सासूबाई चार दिवस त्यांच्याकडे राहायला गेल्या होत्या. ते चार दिवस संपले आणि बॅग येण्याऐवजी फोन आला.

"अगं, इथे काय सुंदर उजेड आहे!" सासूबाई म्हणाल्या. "छतात छोटे छोटे दिवे आहेत. दिवा म्हणून दिसतच नाही, नुसता उजेड खाली उतरतो. सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला माझा."

"तिथे जाऊन सुई कशाला घेतलीत हातात?"

"धाकटीची उशी उसवली होती. घातले चार टाके."

आमच्याकडे एका उशीचा अभ्रा कितीतरी दिवसांपासून फाटून लोंबतो आहे. त्याबद्दल विचारलं की "आता दिसत नाही गं मला" एवढंच उत्तर मिळायचं. म्हणजे न दिसणं डोळ्यांत नव्हतं, आमच्या घरात होतं.

"मी म्हणते, अजून थोडे दिवस राहावं. चालेल ना तुला?"

खरं म्हणजे इथे मी "नाही चालणार" म्हणायला हवं होतं. पण मी म्हणाले, "राहा की खुशाल! इथे काही अडलेलं नाही." काही वाक्यं तोंडातून निघताना इतकी रुबाबदार वाटतात की त्यांचं पुढे काय होणार ते माणूस बघतच नाही.

अडलेलं होतं. मी विमा कंपनीत काम करते. संध्याकाळी घरी आलं की चहाबरोबर ऑफिसातल्या यच्चयावत माणसांची निंदा करायची, ही माझी जुनी सवय. सासूबाई त्या सगळ्यांना ओळखतात. एकालाही पाहिलेलं नाही, पण प्रत्येकाला एक टोपणनाव दिलेलं आहे. आणि त्या नेहमी माझ्या साहेबांची बाजू घेतात. "त्यांचंही बरोबर आहे, तू उशिराच जातेस," असं म्हटलं की मी उसळते, मग त्या उसळतात, आणि स्वयंपाक होईपर्यंत आम्हा दोघींचा दिवसभराचा शीण निघून जातो. आता समोर फक्त आमचे हे. यांना निंदा सांगणं म्हणजे कपाटाला सांगणं. कपाट निदान मधूनच "हं" म्हणत नाही.

तेव्हा मी ठरवलं की दिवाणखान्यात छतातले दिवे बसवायचे. धाकटीकडे सहा होते. मी आठ ठरवले.

"ट्यूब चांगली चालली आहे," हे म्हणाले.

"ट्यूबच्या उजेडात माणसं आजारी दिसतात."

यांनी आरशाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पेपरात शिरले.

वायरमन आला. हा मोठ्या आत्मविश्वासाचा माणूस. छताकडे बघायच्या आधीच तो "होऊन जाईल" म्हणतो. म्हणाला, "बारा व्होल्टचे दिवे घ्या, ताई. डोळ्यांना थंड, चुकून हात लागला तरी झटका नाही. छताला भोकं मी पाडतो, वायर मी ओढतो. फक्त ड्रायव्हर तुम्ही निवडून आणा."

"ड्रायव्हर?" हे पेपरातून बाहेर आले. "पगार किती द्यायचा?" आणि स्वतःच हसत सुटले. वर्षाकाठी हे एक विनोद करतात. या वर्षीचा तो होता.

ड्रायव्हर म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतून येणाऱ्या भरमसाट विजेतून दिव्यांना झेपेल एवढीच वीज मोजून देणारी डबी. छताच्या आत दडून बसते, कुणाला दिसत नाही, पण सगळं तिच्या जिवावर चालतं. माझी आणि तिची परिस्थिती एकच आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"पण तुम्हीच का नाही आणत?" मी वायरमनला विचारलं.

"मागे एका ठिकाणी आणला होता. बिघडला. ते अजून माझं नाव घेतात."

दुकानात गेले तर दुकानदाराने माझ्या मागे कोणी येतंय का ते आधी पाहिलं. "साहेब नाही आले?"

"साहेब मीच आहे. बारा व्होल्टच्या दिव्यांसाठी पॉवर सप्लाय हवा."

"किती वॉट? किती अँपिअर? आत बसणार की बाहेर? डिमर लावणार का?" त्याने एका दमात विचारलं. मी ऑफिसात लोकांना असेच प्रश्न विचारते आणि ते गोंधळले की मनातून सुखावते. त्या क्षणी मला त्या सगळ्यांची मनोमन कणव आली. पण मी हार मानणारी नव्हे. दिवा पाच वॉटचा, दिवे आठ. आठ पंचे चाळीस. मी ताठ मानेने म्हणाले, "चाळीस वॉटचा द्या." दुकानदार काहीतरी बोलणार होता, पण मी हिशेब असा ठणकावून सांगितला की त्याने तोंड मिटलं आणि डबी बांधून दिली. आता वाटतं, त्याला बोलू द्यायला हवं होतं.

संध्याकाळी वायरमनने बटण दाबलं. आठही दिवे लखकन लागले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी धाकटीला सहज म्हणून फोन करायला घेतला, आणि दिवे गेले. मग लागले. मग पुन्हा गेले. एका लयीत, अगदी ठेक्यात.

"उचकी लागली," वायरमन वर बघत म्हणाला. "कुणीतरी आठवण काढतंय."

कोण काढणार? आठवण काढण्याजोगं माणूस तिकडे दुधासारख्या उजेडात दुसऱ्याच्या उशीला टाके घालत होतं. त्या रागात मी वायरमनला चहासुद्धा दिला नाही.

डबी घेऊन परत दुकानात गेले. दुकानदाराने कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचा पत्ता दिला. तिथल्या माणसाने तिला एक दिवा जोडला. दिवा शांतपणे जळत राहिला.

"चालतोय की, मॅडम."

"एकावर चालतो. आठांवर उचक्या देतो."

"मग सात काढून टाका," तो म्हणाला आणि पुढच्या नंबराला हाक मारली.

मी त्या डबीसकट जिना चढत असताना समोरच्या दारात आमचे शेजारी उभे. ते एका कारखान्यातून निवृत्त झाले. पंखा हळू फिरला तरी "व्होल्टेज कमी आहे" म्हणतात, म्हणून सगळी इमारत त्यांना व्होल्टेजकाका म्हणते. माझी सगळी कहाणी ऐकून त्यांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"चाळीसच्या दिव्यांना चाळीसचाच? अहो वहिनी, त्याला दम घ्यायला जागा तरी ठेवलीत का? वर छतात कोंडून टाकलंत, गरम झाला, बिचारा मध्ये मध्ये बसतोय. थांबा." ते आत गेले आणि विटेएवढं एक धूड घेऊन आले. "जुन्या हॅलोजनचा ट्रान्सफॉर्मर आहे. अडीचशे वॉट. हा कधी दमायचा नाही."

तो दमला नाही हे खरं, कारण त्याने कामच केलं नाही. दिवे एकदा मिणमिणले, थरथरले आणि विझले. काका स्वतः स्टुलावर चढले, उतरले, चष्मा पुसून ट्रान्सफॉर्मरवरची अक्षरं वाचली आणि म्हणाले, "याला निदान साठ वॉटचा भार लागतो. तुमचे दिवे फारच कमी खातात."

"मग मी काय करू? त्यांना आग्रह करू?"

काका हसले नाहीत. ते आता छताकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. व्होल्टेजकाका आमच्या सोसायटीचे सचिवही आहेत, आणि त्यांच्यातला काका जाऊन सचिव कधी येतो ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

"वहिनी, छताचं काम काढताना समितीची परवानगी घेतली होती का?"

"काका, तुम्ही आत्ता स्वतः स्टुलावर चढला होतात!"

"ते शेजारी म्हणून. शेजारी म्हणून मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. सचिव म्हणून मला हे काम थांबवावं लागेल."

समिती म्हणजे काका आणि आणखी दोघं. त्यातला एक मुलीकडे गेलेला, दुसऱ्याचं काकांशी पार्किंगवरून बोलणं बंद. तेव्हा बैठक काही भरेना. दिवाणखान्याच्या छतातून वायरी लोंबत होत्या, सोफ्यावर चादर, चादरीवर पांढरी भुकटी. हे त्या भुकटीत बसून शांतपणे पेपर वाचायचे आणि उठले की मागून पिठाच्या गिरणीतले वाटायचे.

अशात सासूबाईंचा फोन.

"छत उकरून ठेवलंयस म्हणे? मी रविवारी येणार होते गं. पण धुळीने माझा खोकला सुरू होईल. धाकटी म्हणते, राहा अजून."

म्हणजे बघा. ज्या बाईला परत आणण्यासाठी मी छत फोडलं, ती त्या फोडलेल्या छतामुळेच येत नव्हती. आणि धाकटी "राहा" म्हणत होती. म्हणणारच! चांगली आहे ना ती!

"राहा की," मी म्हणाले. "इथे काही घाई नाही." माझी जीभ कधी शहाणी होणार, देव जाणे.

शेवटी काकांनी पार्किंगचं भांडण मिटवून बैठक घेतली, माझ्या अर्जाला जोरदार विरोध करणारं भाषण केलं आणि मग बाजूने मत दिलं. परवानगी मिळताच मी दुसऱ्या दुकानातून भलाथोरला पत्र्याचा पॉवर सप्लाय आणला. आता कमी पडायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो इतका मोठा निघाला की दिव्यासाठी पाडलेल्या भोकातून आत जाईना. वायरमनने "होऊन जाईल" म्हणून भोक मोठं केलं. मग दिवा त्या भोकातून खाली पडला. शिवाय त्या सप्लायला आत पंखा होता. बटण दाबलं की छतात कुणीतरी घोरतंय असं वाटायचं. यांनी मान वर केली आणि विचारलं, "वर कुणी राहायला आलंय का?" हा दुसरा विनोद नव्हता. ते खरंच विचारत होते.

त्या दिवशी मात्र मी मान खाली घातली. ज्या घरी हे सगळं नीट चालत होतं, तिथे जाऊनच बघायचं ठरवलं. विचारायचं नाही हं, फक्त बघायचं. जावेला विचारण्यापेक्षा मी मेणबत्ती लावून राहिले असते.

"आईंना भेटायला आले," असं सांगून मी धाकटीकडे गेले. सासूबाई खाली फिरायला गेल्या होत्या. धाकटी म्हणाली, "बसा ताई, चहा टाकते," आणि स्वयंपाकघरात गेली. मी वर पाहिलं. उजेड खरंच सुंदर होता. भिंतीवरून हळूच ओघळणारा, पुस्तकांच्या कपाटावर सांडलेला. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, चपला काढल्या आणि चढले.

हे दिवे स्प्रिंगच्या जोरावर छतात अडकलेले असतात, हे मला माहीत होतं. ती स्प्रिंग सुटली की उंदराच्या सापळ्यासारखी बोटावर बसते, हे माहीत नव्हतं. मी ओरडले नाही. ओठ दाबून, डोळे मिटून, जावेच्या छताखाली एका पायावर उभी राहिले. दिवा वायरीला लोंबकळत होता, भोकातून पॉवर सप्लायचं पांढरं टोक दिसत होतं, आणि त्याच्यावरची अक्षरं नेमकी वरच्या बाजूला होती.

"ताई," मागून आवाज आला. धाकटी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

माणसाने अशा वेळी काय बोलावं? मी म्हणाले, "धूळ होती."

तिने ट्रे खाली ठेवला. मला वाटलं, आता ही हसणार आणि रात्री दिराला सांगणार. पण ती दुसरी खुर्ची ओढून माझ्या शेजारी चढली आणि मोबाइलचा टॉर्च भोकात धरला. "तो सप्लाय बघायचाय ना? थांबा, मी फिरवते. हं, वाचा."

साठ वॉट. चपटा, पट्टीसारखा, भोकातून सहज सरकणारा. दिव्यांना लागतं त्यापेक्षा जास्त, पण धूड नव्हे. इतकं सोपं होतं.

"कुणी निवडला?" मी न राहवून विचारलं.

"काय की! फ्लॅट घेतला तेव्हा दिवे आधीच बसवलेले होते. ड्रायव्हर का काय म्हणतात ते असतं, हेसुद्धा मला आईंनी सांगितलं. त्यांना तुम्ही फोनवर सांगितलंत म्हणे."

मी ज्याच्यासाठी बोट ठेचून घेतलं, ते हिला घराबरोबर मिळालं होतं! मला काहीतरी टोचून बोलायचं होतं, पण धाकटी खुर्चीवरून उतरेना. टॉर्च तसाच छताकडे धरून ती म्हणाली, "ताई, एक विचारू? आई तुमच्याशी कशावरून भांडतात?"

"सगळ्यावरून. का?"

"माझ्याशी एकदाही भांडल्या नाहीत. दूध उतू गेलं, 'असू दे'. भाजी खारट झाली, 'छान आहे'. परवा मी मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. दोन घास खाल्ले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, 'छान आहे हो.'" तिने टॉर्च खाली घेतला. "'हो' लावून बोलतात माझ्याशी, ताई. पाहुण्यांच्या घरी असल्यासारखं. तुम्हाला फोन करतात तेव्हा आवाजच बदलतो त्यांचा. मला इतका हेवा वाटतो ना तुमचा!"

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण आत कुठेतरी असा लख्ख उजेड पडला की कुठल्याच वॉटने पडला नसता. मी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यामुळे दोन्ही खुर्च्या डगमगल्या आणि आम्ही घाईने उतरलो. चहा गार झाला होता. मला फार आवडला.

दुसऱ्याच दिवशी मी तसाच चपटा साठ वॉटचा सप्लाय आणला. मोठ्या झालेल्या भोकाला वायरमनने पांढरी गोल पट्टी लावली आणि "मी म्हटलंच होतं, होऊन जाईल," असं म्हणून माझ्याकडून चहा घेतला. दिवे लागले आणि लागूनच राहिले. व्होल्टेजकाका येऊन बघून गेले, आणि आपण सुचवलं ते शेवटी ऐकलं याबद्दल त्यांनी माझं कौतुक केलं.

धाकटी सासूबाईंना घेऊन उजेड बघायला आली. सासूबाई आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"हे काय गं? ऑपरेशनची खोली केलीस का?"

"काय झालं?"

"आठ कशाला? सहा बसवायचे. आणि हा दिवा नेमका माझ्या डोक्यावर. पेपर उघडला की त्याच्यावर माझीच सावली. कुणाला विचारून केलंस?"

"मग तुम्ही खुर्ची सरकवा!"

"मी का सरकवू? खुर्ची आधीची आहे, दिवा नंतर आला!"

मी उसळले. त्या उसळल्या. यांनी पेपर उचलून आतल्या खोलीत प्रस्थान ठेवलं. कितीतरी दिवसांनी माझं डोकं हलकं झालं. आणि धाकटी सोफ्याच्या कडेला बसून आम्हा दोघींकडे अशी बघत होती, जसं मी तिच्या छताकडे बघितलं होतं.

"आई, आमच्याकडचे दिवेही जरा जास्तच आहेत ना?" तिने हळूच विचारलं.

"छे गं, तुझ्याकडचे छान आहेत हो," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंचं सामान अजून तिकडेच होतं, तेव्हा त्या एका रात्रीसाठी तिच्याबरोबर परत निघाल्या. दाराशी मला धाकटीची दया आली. जिंकलेल्या माणसाला दया परवडते. मी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, तू त्यांचं सगळं ऐकतेस, तिथेच चुकतंय. उद्या सकाळी एखाद्या गोष्टीला चक्क नाही म्हण. कारण सांगू नकोस. नुसतं नाही."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. हसत होती की रडत होती कळेना.

"ताई! आई म्हणाल्या, कपडे आत्ताच वाळत घाल. मी म्हटलं, नाही घालणार. मग केवढ्या बोलल्या मला! म्हणाल्या, तुला काडीची अक्कल नाही! असं तोंडावर म्हणाल्या!"

"अरे वा," मी म्हणाले. "छान झालं."

फोन ठेवला, पण कामात लक्ष लागेना. अक्कल? इतक्या वर्षांच्या संसारात सासूबाई मला आळशी म्हणाल्या, उधळी म्हणाल्या, हट्टी तर रोजच म्हणतात. पण अक्कल काढण्यापर्यंत त्या माझ्या बाबतीत कधी गेल्या नव्हत्या. आणि ही कालची पोरगी, एकदा काय नाही म्हणाली, तिला एका सकाळीत थेट अक्कल! मी एका माणसाच्या विम्याच्या कागदांवर चुकीच्या जागी शिक्का मारला.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंची बॅग दारात, आणि सासूबाई खुर्चीत. खुर्ची त्यांनी दिव्याखालून सरकवली होती, पण ते आम्ही दोघींनी बघितलं नाही असं ठरवलं. मी पर्स ठेवली, पण चहा टाकायला आत गेले नाही. तशीच उभी राहिले.

"आई, धाकटीला म्हणालात अक्कल नाही म्हणून?"

"म्हणाले. उन्हं उतरेपर्यंत कपडे बादलीत. नाहीच आहे तिला."

"मग मला कधी असं म्हणाला नाहीत ते?"

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुला आहे, असं तरी मी कधी म्हटलंय?"

तेव्हा कुठे माझ्या जिवाला बरं वाटलं, आणि मी चहा टाकायला आत गेले.